चाइम्स, सिंगापूर: जेवायला बसण्याआधी ते लहान दार पाहा

सिटी हॉल मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की पाचेक मिनिटांत व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचं चाइम्स येतं. रेस्टॉरंट आणि बारचं आवार म्हणून ते आज प्रसिद्ध आहे. पण १८५४ पासून १९८३ पर्यंत इथं होली इन्फंट जीझस कॉन्व्हेंट होतं. शाळा आणि अनाथाश्रम एकाच कुंपणात.

थेट आत शिरू नका. आधी ‘आशेचं दार’ शोधा. ते इतकं साधं आहे की सहज मागे पडतं. कपड्यात गुंडाळलेली, टोपलीत ठेवलेली तान्ही बाळं इथं सोडली जात. गरिबी हे मोठं कारण; शिवाय चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेली मुलगी घराला अशुभ, ही समजूत. बघायला दोन मिनिटं लागतात, पण हे चुकलं तर पुढचं सगळं नुसतंच देखणं बांधकाम उरतं.

मग कॉल्डवेल हाउस. जॉर्ज कोलमन या वास्तुविशारदानं १८४०-४१ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या कारकुनासाठी बांधलेला हा बंगला. फादर ब्युरेल यांनी तो १८५२ मध्ये कॉन्व्हेंटसाठी विकत घेतला. दोन वर्षांनी मदर मॅथिल्ड आणि सोबतच्या सिस्टर येऊन पोचल्या. वरच्या मजल्याचा अर्धगोल पुढे आलेला भाग बागेतून पाहा. सिस्टर तिथं शिवणकाम, वाचन करत. आवारातली सर्वांत जुनी वास्तू हीच, तरी बहुतेकांचे कॅमेरे चॅपेलकडेच वळतात.

चॅपेल १९०४ चं, आराखडा फादर नॅन यांचा. ते आता समारंभांचा हॉल आहे, त्यामुळे लग्न असलं की आत जाता येत नाही. आधी चौकशी करून जा. बंद असलं तरी हिरमुसू नका. चॅपेल आणि ओसऱ्या मिळून खांबांची ६४८ शीर्षं आहेत आणि प्रत्येकावरची पानं, फुलं, पक्षी वेगळे. ओसरीतून सावकाश चालत शेजारशेजारची दोन शीर्षं ताडून बघा, फरक लगेच कळतो. बेल्जियममधल्या ब्रुज इथं बनवलेल्या रंगीत काचा मात्र दिवसाउजेडी, आतूनच बघायच्या. अंधार पडल्यावर बाहेरचा उजेड जातो आणि रंग मरतात.

जीर्णोद्धार उत्तम झालाय. २००२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. खटकतं ते खाली खोदलेलं अंगण: संध्याकाळी तिथला गजबजाट वरच्या ओसऱ्यांपर्यंत येतो. वास्तू पाहायची तर सकाळी या, जेवण रात्रीवर ठेवा.