ईएलसीबी का पडतो हे शोधून देणारी सेवा : रत्नागिरीतील अनुभव

बंद पडलेला पंखा दुरुस्त करणारे किंवा नवे वायरिंग करणारे कारागीर रत्नागिरीत पुष्कळ आहेत, पण ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार का पडतो (आपोआप बंद होतो) याचा मुळापर्यंत शोध घेणारा माणूस पावसाळ्यात मिळणे कठीण असते. शहरातील एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आम्ही अलीकडेच ही सेवा घेतली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. या सेवेचे मोल माझ्या मते एकाच गोष्टीत आहे : येथे आधी मोजमाप होते आणि त्यानंतरच कोणत्याही वस्तूला हात लावला जातो.

आमच्याकडे ईएलसीबी, म्हणजे ज्याला आता आरसीसीबी म्हणतात तो ३० मिलिअँपिअरचा, दिवसा बहुधा टिकत असे. संध्याकाळी मात्र पडत असे आणि विहिरीवरचा पंप सुरू केला की हमखास पडत असे. पूर्वी आलेल्या वायरमनने आधी पंपावर, मग गिझरवर संशय घेतला, गिझरची कॉइल बदलायला सांगितली आणि अखेरीस, "काका, ईएलसीबी बायपास करून देतो, कटकटच मिटेल," असा उपाय सुचवला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो जीवावर बेतू शकतो. कोकणात तर त्याचा धोका अधिक आहे, कारण जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगले लागत नाही. समजा अर्थिंगचा रोध ४० ओहम आहे आणि गिझरच्या पत्र्यात फेज उतरली, तर २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह जेमतेम पावणेसहा अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की बंद होणारा स्विच) तेवढ्याने पडत नाही आणि गिझरच्या पत्र्यात वीज तशीच राहते. अशा घरात माणसाला वाचवणारे साधन ईएलसीबीच असते.

ठरलेल्या दिवशी ठेकेदार आणि त्यांचे सहायक आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ईएलसीबी केव्हा पडतो, त्या वेळी काय काय चालू असते आणि पाऊस असताना त्यात फरक पडतो का, हे विचारून लिहून घेतले. त्यानंतर घराकडे जाणाऱ्या तारा ईएलसीबीपासून सोडवून त्यांनी त्या उपकरणाचीच परीक्षा घेतली. आयएस १२६४० या भारतीय मानकानुसार ३० मिलिअँपिअरच्या उपकरणाने १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलेच पाहिजे; आमचे उपकरण परीक्षक यंत्रावर २३ ला पडले. म्हणजे ते निर्दोष होते आणि दोष घरात होता. डीबीवरचे, म्हणजे घरातील स्विचच्या मुख्य पेटीत ईएलसीबीवर असलेले, टेस्ट बटण दाबून एवढी माहिती मिळत नाही, कारण त्यातून फक्त यंत्रणा हलते की नाही एवढेच समजते.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपण सर्व जण करतो ती तपासणी अशी असते की सगळे एमसीबी खाली पाडायचे, एकेक वर करायचा आणि कोणत्या एमसीबीला ईएलसीबी पडतो ते पाहायचे. फेजमध्ये गळती असेल तर ही पद्धत चालते. परंतु घरगुती डीबीतील बहुतेक एमसीबी एकपोली असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाची परतीची तार, जोडलेलीच राहते. त्यामुळे कोठेतरी न्यूट्रल अर्थिंगच्या तारेला टेकली असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी बंद असूनही दोष जागच्या जागी राहतो आणि दुसऱ्याच एखाद्या उपकरणावर आळ येतो.

आमच्या पंपाचे नेमके तेच झाले होते. ईएलसीबीच्या आत फेज आणि न्यूट्रल एकाच गाभ्यातून जातात. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा असेपर्यंत तो स्वस्थ राहतो, फरक पडला की तो पडतो. न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीला जोडलेली असली तरी घरापर्यंत येताना, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे, तिच्यावर एकदोन व्होल्ट चढतात. संध्याकाळी वाडीतला भार वाढला किंवा आमचा पंप सुरू झाला की हे व्होल्टेज आणखी वाढत असे आणि परतणाऱ्या प्रवाहाचा एक हिस्सा न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून जमिनीत जात असे. रोध ४० ओहम धरला तर तीन व्होल्टलाही ७५ मिलिअँपिअर वाहतात. पंप निर्दोष होता; गिझरही, आणि त्याची कॉइल बदलण्याचा खर्च पूर्णपणे वाया गेला असता.

हे त्यांनी मेगरने, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, सिद्ध केले. मुख्य पुरवठा बंद करून, सर्व प्लग काढून आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू अलग करून (५०० व्होल्टच्या चाचणीत त्या जळू शकतात, हे त्यांनी न विचारता सांगितले) त्यांनी न्यूट्रल बारवरची (सर्व न्यूट्रल तारा जोडलेल्या पट्टीवरची) एकेक तार सोडवली आणि प्रत्येकीचा अर्थशी रोध मोजला. निरोगी वायरिंगमध्ये तो किमान एक मेगाओहम हवा. बाकी तारांचे आकडे शंभर मेगाओहमच्या वर आले. मागच्या पडवीच्या तारेवर काटा शून्यावर राहिला. पडवीच्या बाहेरील जंक्शन बॉक्समध्ये नुसत्या टेपने गुंडाळलेला न्यूट्रलचा जोड पाणी मुरून उघडा पडला होता आणि अर्थिंगच्या तारेला चिकटून होता. त्यांनी जोड कापून नवा कनेक्टर लावला, बॉक्स पावसात टिकेल अशा झाकणाचा बसवला आणि पुन्हा मोजून आकडा दाखवला. सगळे घर चालू करून, फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ४ मिलिअँपिअर आले. टीव्ही, संगणक आणि फ्रिज असलेल्या घरात एवढी गळती स्वाभाविक आहे. पुढे मुसळधार पावसातही ईएलसीबी पडलेला नाही.

उणिवाही आहेत. पावसाळ्यात त्यांची वेळ मिळायला बरीच वाट पाहावी लागते. मोजलेले आकडे त्यांनी तोंडी सांगितले. मी मागितल्यावरच कागदावर लिहून दिले, जे खरे तर प्रत्येक ग्राहकाला आपणहून मिळायला हवेत, कारण पुढच्या तपासणीला तुलना करण्यासाठी तेच उपयोगी पडतात. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजण्याचे काम ते वेगळे आकारतात आणि हे आधी फोनवर सांगितले गेले नव्हते. तपासणीचे शुल्क साध्या वायरमनपेक्षा अधिक आहे, परंतु विनाकारण बदलाव्या लागणाऱ्या कॉइलची किंमत धरली तर ते मला वाजवी वाटते.

जाताना त्यांनी पडवी आणि पंप यांच्यासाठी स्वतंत्र आरसीबीओ (ईएलसीबी आणि एमसीबी या दोन्हींचे काम करणारा स्विच) बसवण्याची सूचना केली, म्हणजे बाहेर पाणी शिरले तरी घरातला फ्रिज आणि दिवे बंद पडणार नाहीत. मात्र तसे करताना त्या सर्किटची न्यूट्रलही त्याच आरसीबीओतून न्यावी लागते, ती जुन्या बारवर ठेवली तर भार येताच तो पडेल, हेही त्यांनी आकृती काढून समजावले. हे काम आम्ही त्यांच्याकडूनच करून घेणार आहोत.