जनगणनेच्या शहरी हद्दींचा डिजिटल नकाशा : गोव्यात बरेच महिने वापरल्यावर

गोव्यावर काम करणाऱ्याने हा डेटा जरूर घ्यावा. फक्त शहर म्हणजे नगरपालिका, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ७० शहरं आहेत. त्यांतली १४ महापालिका-नगरपालिकांची, बाकी ५६ जनगणना नगरं. कळंगुट, कांदोळी, ताळगाव, सांकवाळ इथे कारभार पंचायतीचाच. पण वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, म्हणून जनगणनेच्या लेखी ती शहरं. राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी भरते ती यांच्याच जोरावर.

माझं काम कचरा उचलण्याच्या मार्गांची आखणी. बार्देसच्या किनारपट्टीत कुठे दाटी आहे, हे या थराइतकं (म्हणजे नकाशावर चढवायच्या हद्दींच्या या संचाइतकं) स्वच्छ मला दुसऱ्या कशातून दिसलं नाही. लोकसंख्येचा तक्ता गावा-शहराच्या जनगणना कोडवर जोडला की काम झालं. नावावर मात्र अजिबात जोडू नका. पर्वरी शोधायची तर सुकूर आणि पेन्ह द फ्रान्स इथे बघावं लागतं. त्यात पोर्तुगीज अक्षरं एन्कोडिंगमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, मोडतात, आणि शेपफाईल या नकाशाच्या फाईलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटत असल्यामुळे पुरुष-स्त्रियांचे रकाने सारखेच दिसू लागतात. कोडचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. एक्सेलमधून फिरवला की तालुक्याच्या कोडपुढचं शून्य उडतं. क्षेत्रफळ काढताना थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात घ्या, अक्षांश-रेखांशात घनता काढाल तर आकडे निरर्थक येतील.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. मला मिळालेल्या संचात जुवारीकाठी शेजारच्या दोन हद्दींमध्ये बारीक फटी होत्या, काही ठिकाणी हद्दी एकमेकींवर चढलेल्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोपॉलॉजी, म्हणजे हद्दी एकमेकींना नीट जुळतात का, ते तपासून त्या मी हातानेच मिटवल्या. विकत घेतलेल्या मालात हे असायला नको होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ही हद्द पंचायतीची नव्हे. गोव्यात पंचायती १९१, जनगणनेची गावं आणि नगरं मिळून ४०० च्या आसपास. साहजिकच एका पंचायतीत अनेकदा दोन-तीन महसुली गावं येतात. गाडी कुणाची, बिल कुणाच्या नावे, असा प्रश्न आला की पंचायतीचा वेगळा थर हवाच. माझ्या मते ग्रामसभेत हा नकाशा एकटा दाखवणं लोकांवर अन्याय आहे. आपला वाडा चुकीच्या रंगात दिसला की माणसं चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

धारबांदोडा तालुका यात सापडणार नाही, २०११ च्या जनगणनेत ११ च तालुके आहेत. येत्या जनगणनेसाठी हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या, म्हणजे त्यानंतर बदलायच्या नाहीत, असं ठरलं आणि गणना २०२७ ची आहे. नवा संच आला तरी जुना पुसू नका, फाईलच्या नावात २०११ लिहून ठेवा. कुठलं गाव नव्याने शहर ठरलं, हे दोन्ही थर एकावर एक ठेवल्याशिवाय कळणार नाही.