खारींना रोखणारा फीडर, नऊ महिन्यांनंतर: तक्रार मुख्यतः एका स्क्रूची

हा अभिप्राय मी तिसऱ्या महिन्यातच लिहायला घेतला होता, आणि तेव्हा पूर्ण केला असता तर तो बराच गोड झाला असता. गेल्या महिन्यात पक्ष्यांना दाणे घालायच्या या फीडरची जाळी खाली सरकली ती तशीच अडकून बसली, काठोकाठ भरलेल्या नळीभोवती चिमण्या दोन दिवस घिरट्या घालून निघून गेल्या, आणि त्यानंतर कंपनीशी जो पत्रव्यवहार झाला त्याने माझे उरलेसुरले कौतुकही आटले.

वजनावर चालणारा फीडर म्हणजे दाण्यांची नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंगवर तोललेली जाळी; बसण्याच्या दांडीवर जड प्राणी आला की जाळी खाली सरकते आणि दाण्यांची तोंडे झाकते. माझा धातूचा आहे आणि त्यात दोन किलो दाणे मावतात. चिमणी साधारण ३० ग्रॅमची, मोठा होला २०० ग्रॅमच्या आसपास आणि करडी खार ४०० ते ६०० ग्रॅमची, म्हणजे होला आणि खार यांच्यामध्ये कुठेतरी स्प्रिंगचा ताण बसवला की पक्ष्यांना तोंडे उघडी आणि खारीला बंद, असा साधा हिशोब आहे. (ज्यांच्याकडे पाठीवर पट्टे असलेली लहान खार येते त्यांनी हा फीडर घेऊच नये, कारण ती जेमतेम १०० ग्रॅमची, होल्याहून हलकी, केवळ वजन ओळखणाऱ्या यंत्राला तिच्यात आणि पाखरात फरक कळणार नाही.)

आता मूळ दुखण्याकडे येतो. हा ताण कमीजास्त करण्याचा स्क्रू नळीच्या आत, अगदी तळाशी बसवलेला आहे. तो अर्धा वेढा फिरवायचा असला तरी आधी फीडर खांबावरून उतरवावा लागतो, सगळे दाणे बादलीत ओतावे लागतात, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आत घालून अंदाजाने खाच शोधावी लागते, आणि मग पुन्हा दाणे भरून, फीडर टांगून, दूर उभे राहून परिणामाची वाट पाहावी लागते. पहिल्या आठवड्यात मी हे अकरा वेळा केले. ताण सैल ठेवला तर दोन होले एकदम बसताच जाळी खाली येई आणि दोघेही बावचळून उडत. घट्ट केला तर खारीची हलकी पिल्ले निवांत बसून खात. शेवटी एका पिशवीत वजन करून ३०० ग्रॅम दाणे बांधले, ती पिशवी दोऱ्याने बसण्याच्या दांडीला अडकवली आणि जाळी नेमकी तेवढ्या भाराला मिटेल इतका ताण ठरवला. दोन होल्यांचे भांडण तेवढे सोडून दिले. ही युक्ती माहितीपत्रकात दोन ओळींत देता आली असती, पण तिथे केवळ ‘आवश्यकतेनुसार समायोजित करावे’ एवढेच छापले आहे.

त्यानंतरचे तीन महिने मात्र खरोखर सुखाचे गेले. खार दांडीवर उतरे, जाळी तिच्या पुढ्यात मिटे, ती खाली उतरून वर पाही आणि पुन्हा चढे. चौथ्या महिन्यात तिला उत्तर सापडले. खारीच्या मागच्या पायांचे घोटे उलटे वळतात, त्यामुळे ती डोके खाली करून उतरू शकते आणि नुसत्या मागच्या नखांवर लोंबकळूही शकते. तिने मागच्या पायांनी फीडरचे झाकण धरले आणि अंग खाली सोडून पुढच्या पंजांनी तोंडातून दाणे काढले. झाकण स्प्रिंगवर नाही, त्यामुळे अर्ध्या किलोची खार असूनही जाळी तसूभर हलली नाही. फीडर चार बोटे जास्त लांब असता, तर तिचे पंजे वरच्या तोंडापर्यंत पोहोचले नसते.

पुन्हा स्क्रूच्या वाटेला जायचे नाही म्हणून मी मिरची लावलेले दाणे वापरून पाहिले. मिरचीला तिखट बनवणारे कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या ग्राहक प्रथिनाला, म्हणजे जळजळ जाणवून देणाऱ्या प्रथिनाला, चेतवते, त्याचे पक्ष्यांमधील रूप त्याला दाद देत नाही, हे २००२ साली प्रयोगांतून दाखवले गेले आहे. आणि चिमण्यांनी ते दाणे खरोखरच नेहमीच्या चवीने खाल्ले. खारीने दोनदा तोंड पुसले आणि ती गेली. अडचण अशी की सस्तन प्राणी मीही आहे, आणि दाणे बादलीत ओतताना उडालेली पूड खारीपेक्षा माझ्याच डोळ्यांत अधिक गेली. तो प्रयोग एका पिशवीवर संपला. खांबाला तेल किंवा ग्रीस फासण्याचा सल्लाही मिळतो, पण तो मानू नये. ते पक्ष्यांच्या पिसांना चिकटते आणि पिसे निकामी होतात.

मग मी खांबावर पत्र्याची रुंद नळी चढवली, तिच्यावरून खारीला चढता येत नाही, आणि खांब अंगणाच्या मध्यभागी हलवला. खार जमिनीवरून सुमारे ५ फूट वर, बाजूच्या आधारावरून ७ फूट आडवी आणि वरून ९ फूट खाली उडी मारते असे ढोबळ माप धरतात. मी प्रत्येक मापात फूटभर जास्तच सोडले. खारींचा वरचा वावर त्या दिवसापासून थांबला, आणि मी भाबडेपणाने त्याचे श्रेय फीडरला देत राहिलो.

गेल्या महिन्यात जाळी अडकली तेव्हा आतून उघडून पाहिले. टरफलांचा भुसा पावसाच्या ओलीने भिजून स्प्रिंगच्या वेढ्यांत लापशीसारखा बसला होता आणि वाळून दगड झाला होता. खरवडताना त्या आतल्या स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली. कंपनीला कळवले तर पहिले उत्तर आले की ‘खारींमुळे झालेले नुकसान हमीत समाविष्ट नाही’. ज्या वस्तूच्या खोक्यावर खारीवर फुली मारलेले चित्र आहे, तिच्या हमीपत्रात हे वाक्य असावे! माझ्या तक्रारीत खारीचा उल्लेखही नव्हता. छायाचित्रे, पावती आणि चार पत्रे गेल्यावर त्यांनी नवी स्प्रिंग पाठवली. स्क्रू पाठवला नाही, कारण तो ‘स्वतंत्र भाग म्हणून उपलब्ध नाही’.

हा पत्रव्यवहार चालला त्या तीन आठवड्यांत त्याच खांबावर मी जुनी प्लास्टिकची साधी नळी टांगली होती, जिचे बूड एके काळी खारीने कुरतडून टाकले होते. तिला कसलीही स्प्रिंग नाही, जाळी नाही, आणि किंमत या फीडरच्या पावपट. तीन आठवड्यांत एकही खार तिच्यापर्यंत पोहोचली नाही. म्हणजे गेले चार महिने राखण करत होता तो पत्रा आणि ते मोकळे अंतर; पैसे मोजले ते स्प्रिंगचे. हे लक्षात आले त्या संध्याकाळी मी फीडरला एक तारा द्यायचे ठरवले होते.

तो तीनवर आणतो, त्याला कारण आहे. परवा वाऱ्यात शेजारच्या झाडाची फांदी वाकून नळीच्या वरच्या बाजूला आली आणि दुपारपर्यंत नळीचे तोंड रुंद झाले होते. कुरतडलेल्या प्लास्टिकचा चुरा खाली गवतावर पडला होता. धातूच्या फीडरवर नऊ महिन्यांत दातांचे ओरखडे आहेत, छिद्र एकही नाही. ज्यांच्या अंगणात खांबाला चहूबाजूंनी दहा फूट मोकळी जागा देता येते, त्यांनी साधी नळी आणि पत्रा घ्यावा आणि उरलेल्या पैशांचे दाणे आणावेत. ज्यांना तेवढी जागा नाही त्यांनी हा फीडर घ्यावा, दर पंधरा दिवसांनी उकलून धुवावा, पूर्ण वाळल्याशिवाय दाणे भरू नयेत, आणि स्प्रिंगचा ताण पहिल्याच दिवशी, रिकाम्या नळीत, पिशवी टांगून ठरवावा.

स्क्रू बाहेरून फिरवता आला असता तर चार तारे दिले असते. सध्या त्याच्या जागी जुन्या सायकलचा एक बोल्ट बसवला आहे, आणि तो पान्याने, बाहेरून, दाणे न ओतता फिरतो.