नव्या स्प्रिंगांचे पैसे घेतले, आत निघाला वायरिंगच्या पाइपचा तुकडा

वडिलांची 2003 ची स्प्लेंडर मी वापरतो. दोनदा पुन्हा पासिंग झालंय, पण इंजिन अजून एका किकमध्ये उठतं. गेल्या उन्हाळ्यात मात्र पुढचा शॉकअप फारच मऊ पडला. यवतेश्वरचा घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला लावायला निघायची, आणि जरा मोठा खड्डा आला की खालून ‘ठक्’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

साताऱ्यातल्याच एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं हँडल धरून दोनदा खाली दाबलं आणि निकाल दिला, “साहेब, स्प्रिंगा बसल्यात. वीस वर्षं झाली, लोखंड हाय, थकणारच की.” ऐकायला पटण्यासारखं होतं. स्प्रिंगांची जोडी, ऑइल सील (शॉकअपमधलं तेल अडवणारी रबरी कडी), तेल, सगळं नवीन टाकायचं म्हणाला. 3,600 सांगितले, मी घासाघीस करून 3,400 वर आणले. दोनशे वाचवल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर म्हणाला, “दाबून बघा.” दाबलं. जेमतेम इंचभर गेलं. दगड! मी खूश. जुन्या स्प्रिंगा मागितल्या, त्यानं लगेच वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. चोर असता तर इतक्या सहज दिल्या असत्या का, असंही मनात येऊन गेलं. बिल म्हणजे चिठोरं: ‘शॉकअप काम 3400’. ना गॅरेजचं नाव, ना पार्ट नंबर.

पुढचे आठ दिवस मनगटांनी सोसले. पूर्वी गाडी खड्ड्यात बुडायची, आता प्रत्येक खडा थेट हाताला लागायला लागला. मग सज्जनगडाहून येताना शॉकअपच्या उजव्या दांडीवर तेल चमकताना दिसलं. घरी येईतो ओघळ ब्रेकच्या ड्रमपर्यंत उतरला होता. ते तेल आत ब्रेकच्या लायनरवर जाऊन ब्रेक लागेनासा झाला असता आणि मी घाटात असतो तर, हा विचार अजून नको वाटतो.

कराडचा माझा मावसभाऊ मशीन शॉपमध्ये आहे. तो रविवारी आला आणि आधी शॉकअप न बघता माळ्यावर टाकलेल्या त्या ‘जुन्या’ स्प्रिंगा बघून हसायलाच लागला. “दादा, ह्या गंजल्यात.” मला कळेना, जुन्या म्हटल्यावर गंजणारच. तो म्हणाला, “शॉकअपची स्प्रिंग जन्मभर तेलात बुडालेली असती. तिला असा खरबरीत तांबडा गंज कसा चढंल? ह्या भंगारात पावसात पडलेल्या कुणाच्या तरी हायत.” इतकी साधी गोष्ट, आणि मी त्या गुंडाळ्याकडे पुरावा म्हणून बघत होतो.

मग खोललं. हे घरी करणार असाल तर पुढचं चाक उचलून गाडी नीट टेकवा आणि वरचा बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला की तळहातानं दाबून धरा. खाली स्प्रिंग दबलेली असते, बोल्ट तोंडावर उडतो. आमचाही उडालाच असता. कारण स्प्रिंगच्या वर दोन्हीकडे वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तीन-तीन सेंटीमीटरचे तुकडे कोंबले होते. एकावर छापील अक्षरं अर्धी कापलेली, कड करवतीनं वेडीवाकडी. तेल परातीत ओतलं, तर साधं इंजिन ऑइल, तेही मापापेक्षा कितीतरी जास्त. (ती परात आईची होती, हे प्रकरण वेगळं.)

आतल्या स्प्रिंगा आमच्याच जुन्या होत्या. भावानं व्हर्निअर लावून लांबी मोजली आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघितली. दोन्ही पास! म्हणजे बदलायची गरजच नव्हती. सीलही जुनीच, ओठ कडक झालेले. मूळ दुखणं एवढंच असणार की सीलमधून वर्षानुवर्षं तेल झिरपून कमी झालं होतं.

भावानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. वजन पेलते स्प्रिंग, आणि ती किती वेगानं दबायची-उसळायची हे ठरवतं तेल. वर पाइपचा तुकडा घातला म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी पुढून फक्त उंच उभी राहते. तेल जास्त भरलं की वरची हवा कोंडते, हातानं दाबताना दगड लागतो, आणि खड्ड्यात तोच दाब सीलवर जातो. पाइपचा तुकडा घालणं हा काही गुन्हा नाही, जाणकारसुद्धा मोजून-मापून घालतात. पण तो दहा रुपयांचा तुकडा नवीन स्प्रिंग म्हणून विकायचा?

तुकडे काढले, दोन नवीन सील आणि शॉकअपचं तेल मापानं भरलं. सगळं मिळून सातशेच्या आत. स्प्रिंग बाहेर असतानाच बघितलं, दांडी एकूण 11 सेंटीमीटर आत जाते. जोडल्यावर दांडीला रबरबँड लावलं, चाक अधांतरी असताना ते सीलला टेकवलं, गाडी खाली घेतली, मी बसलो आणि उतरलो. रबर साडेतीन सेंटीमीटर सरकलं होतं. दांडी एकूण जेवढी आत जाते त्याच्या पाव ते एक तृतीयांश बसलं की ठीक, असा हिशोब. हे मोजायला पट्टी आणि रबर लागतं, आणि मी हँडल दाबून 3,400 मोजले होते.

तुमच्याही जुन्या गाडीला कुणी ‘स्प्रिंगा बसल्यात’ म्हणालं तर बोल्ट खोलताना तिथेच उभे राहा. जुनी आणि नवी स्प्रिंग फरशीवर शेजारी-शेजारी उभी करायला लावा. जुनी तेलानं ओली आहे का बघा. नवीन पार्टचं पाकीट तुमच्यासमोर फुटू द्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्याकडे ते चिठोरं सोडून दाखवायला काहीच नव्हतं.

तरी पाइपचे तुकडे घेऊन गेलो. त्यानं ते बघितलेही नाहीत. “साहेब, तुम्हाला शॉकअप कडक पाहिजे होता. करून दिला का नाही?” वर म्हणाला, पुढचं सर्व्हिसिंग फुकट करतो, गाडी ठेवून जा.