राजारामपुरीतल्या मॅडमचे १२ रविवार: परकर, बांगड्या आणि 'मी आलो'

पोरगा म्हणून वाढलेल्या आमच्यासारख्या ट्रान्स बायकांना चाल, साडी, मेकअप शिकवणाऱ्या कोल्हापुरातल्या एका क्लासचा हा रिव्ह्यू. आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण मला विचारणाऱ्या सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. १२ रविवार, दर रविवारी दोन तास, ९,००० रुपये. तीन हप्त्यांत दिले तरी चालतं. मेकअपचं सामान मॅडमचं, साडी-ब्लाऊज आपलं. मॅडमचं नाव आणि गल्लीचा नंबर मुद्दाम देत नाही. त्या बोर्ड लावत नाहीत, खालच्या मजल्यावर घरमालक राहतात आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं वर नवरीच्या मेकअपचा क्लास चालतो. सोमवार ते शनिवार तो खरंच चालतो. रविवारी दुपारी दोन ते चार आपण.

वेळ मात्र हुशारीनं निवडलीय. रविवारी दोन वाजता अख्खं कोल्हापूर मटण खाऊन आडवं झालेलं असतं. जिन्यात कुणी भेटत नाही, भेटतो तो फक्त रश्श्याचा वास.

माझं थोडक्यात: वय ३१, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. उंची पाच फूट दहा. वडील तालमीतले, त्यामुळं आठवी ते बारावी रोज पहाटे जोर-बैठका. खांदे त्याचेच. हार्मोन अजून सुरू नाहीत, डॉक्टरांकडं फेऱ्या चालू आहेत. तोवर निदान आरशापुढं नीट उभं राहायला यावं म्हणून गेलो. त्याआधी दोन वर्षं यूट्यूबवर घालवली होती. तिथल्या परदेशी बाया हील्सवर चालायला शिकवतात. महाद्वार रोडला रविवार संध्याकाळी हील्सवर चालून दाखवा म्हणावं.

पहिल्या रविवारी साडी नाही, मेकअप नाही, काही नाही. मॅडमनी एक अरुंद परकर दिला, पँटवरच नेसायला लावला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला म्हणाल्या. चौथ्या पावलाला परकरानं मला अडवलं. पाचव्याला मी आरशावर आदळता आदळता राहिलो. 'मी काही शिकवत नाही, परकर शिकवेल,' असं म्हणून त्या खुर्चीत बसून चहा पीत राहिल्या. आणि खरंच, अर्ध्या तासात पाऊल आपोआप आखूड झालं, दोन पावलांमधली रुंदी कमी झाली, गुडघे एकमेकांच्या जवळून जायला लागले. कंबर हलवायची वगैरे भानगडच नाही. यूट्यूबवर दोन वर्षं मी कंबर हलवत होतो आणि बदकासारखा दिसत होतो.

हात मात्र ऐकेनात. आमचे वस्ताद सांगायचे, छाती काढ, हात अंगापासून लांब ठेव, जमीन दाबत चाल. मॅडमनी विचारलं, 'ही चाल कुठली?' म्हटलं तालमीतली. 'म्हणजे तीही शिकवलेलीच,' म्हणाल्या आणि माझ्या दोन्ही काखांत एकेक रुमाल घडी करून ठेवला. रुमाल पडू न देता चालायचं. पाचव्या रविवारपर्यंत रुमाल पडत होते. सहाव्याला पडले नाहीत, तेव्हा मला कळलंसुद्धा नाही, इचलकरंजीहून येणाऱ्या पोरीनं टाळी वाजवली म्हणून कळलं.

आम्ही तिघी होतो. ती इचलकरंजीची, कॉलेजातली. दुसरी गडहिंग्लजहून एसटीनं येणारी, चाळिशीची, घरी बायको-पोरं असलेली. ती कपडे जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आणायची आणि साडेतीन वाजले की काजळ पुसायला बसायची. काजळ साबणानं निघत नाही, पापण्यांच्या मुळाशी राहतं. खोबरेल बोटावर घेऊन चोळायचं, मग कापसानं पुसायचं. ही मॅडमची युक्ती आणि तिच्यासाठी सगळ्यात मोलाची तीच. चारला ती जिना उतरायची तेव्हा डोळे नुसते रडल्यासारखे लाल दिसायचे.

साडीवर पाच रविवार गेले आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सुरुवात सुतीनं करा, सिंथेटिक घसरते आणि आपला आत्मविश्वास घेऊन घसरते. उंच असाल तर साडीचा पन्ना पुरत नाही, घोटे उघडे पडतात. त्याला उपाय एकच: परकर बेंबीखाली दोन बोटं बांधायचा आणि पहिला खोचा घालतानाच चपला पायात असू द्यायच्या. निऱ्या सहा-सातच्या वर करू नका, आपल्याला पुढं गठ्ठा होतो. ब्लाऊजचा गळा बोटनेक शिवलात तर खांदे दरवाज्याएवढे दिसतात. मी शिवला होता, १,१०० रुपये वाया. गळा खोल आणि अरुंद घ्या, बाही कोपरापर्यंत. पिनांचं म्हणाल तर मॅडम अकरा लावतात. आई दोन लावते.

आईवरून आठवलं. मॅडम मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. सगळ्यात मोठा वाद आमचा साडीवरून झाला नाही, क्रियापदावरून झाला. तिसऱ्या रविवारी मी दार ढकलत म्हटलं, 'मॅडम, आलो.' त्यांनी मला परत जिन्यात पाठवलं. 'आले म्हण. आधी भाषा सुधार, मग साडी.' आता हे कोल्हापुरात कुणाला सांगावं? माझी आई 'मी आलो' म्हणते. आज्जी 'मी जातो' म्हणायची, तिची आई तेच म्हणायची. आमच्या फाउंड्रीतली रिसेप्शनवरची पोरगी फोन ठेवताना 'करतो, करतो' म्हणते. तिला कुणी परत जिन्यात पाठवत नाही. पुण्या-मुंबईकडच्या ट्रान्स मैत्रिणी सांगतात की पहिल्यांदा 'मी आले' म्हणताना जीभ अडखळली, ऑफिसात चुकून तोंडातून गेलं आणि सगळे बघायला लागले. मला तो त्रास झालाच नाही. लहानपणापासून मी आईसारखंच बोलत होतो. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, 'बाहेरगावी गेल्यावर काय करशील?' त्यांचंही चूक नाही. पण पैसे देऊन स्वतःच्या आईची बोली पुसायची, हे मला पटलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू 'आलो-गेलो'तच लिहितो.

उलट भाषेची खरी गंमत घरी झाली. आई मला नव्या नावानं अजून हाक मारत नाही. पण आधी 'आलास?' म्हणायची, ती आता 'आलंस?' म्हणते. 'जेवलंस का?' 'कुठं गेलतंस?' आमच्याकडं लाडक्या पोरीला असंच म्हणतात, पोराला पण म्हणतात. तिनं ठरवून केलंय की आपोआप झालंय, विचारायचं धाडस मला झालेलं नाही. तिची भीती वेगळी होती, लोक म्हणतील देवाला सोडलंय. आमच्या भागात साडीतला पुरुष म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं यल्लम्माचा जोगताच येतो, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. दुसरा शब्दच लोकांकडं नाही.

क्लासचा खरा दोष इथं आहे. मॅडमच्या डोक्यातली बाई मालिकेतली आहे. हसताना तोंडावर हात, मान किंचित तिरपी, बोलताना बटेशी चाळा, खुर्चीच्या कडेला टेकून बसणं. मी घरी तसं बसून दाखवलं तर आई म्हणाली, 'असं कोण बसतंय? पावण्याच्या घरी आलंयस व्हय?' कपिलतीर्थ मंडईत जाऊन बघा. भाजीवाल्या मावश्या मांडी घालून, गुडघ्यावर कोपर टेकवून बसलेल्या असतात आणि चार दुकानं पलीकडं ऐकू जाईल अशा हसतात. मॅडम मध्येच मोबाइलवर बालगंधर्वांचे फोटो काढून दाखवतात. त्या काळच्या बायका त्यांच्या साड्या, त्यांचं वागणं उचलायच्या म्हणे, त्या हातांकडं बघ. बघितलं. हात खरोखर सुंदर आहेत. केशवराव भोसल्यांच्या कोल्हापुरात हे नव्यानं सांगायला नको, तेही पोरवयात स्त्रीपार्ट करायचे. पण ते प्रयोग संपला की साडी उतरवून घरी जात. मला साडी उतरवून घरी जायचं नाही, तोच तर सगळा प्रश्न आहे.

दोन ठिकाणी मॅडम चक्क चुकल्या, ते स्पष्ट लिहितो. दाढीला थ्रेडिंग केलं की केस विरळ होतात म्हणाल्या. मी तीन वेळा केलं, हनुवटीखाली पुरळ उठलं, केस आत वळले, विरळ काही झाले नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी लेझर सांगितलं. पाच-सहा आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच बैठका लागतात आणि ते काळ्या केसांवरच चालतं, पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुई घालून एकेक केस मुळाशी विजेनं मारायचा. तेव्हा गडहिंग्लजच्या मैत्रिणीसारखं दाढीत मीठ-मिरी दिसायला लागलं असेल तर वाट बघत बसू नका. तोपर्यंत निळसर छटा झाकायला फाउंडेशनखाली नारंगी रंग लावायचा. मॅडम त्यासाठी जुनी नारंगी लिपस्टिक वापरतात आणि ती मात्र झकास चालते.

दुसरी चूक आवाजाची. 'बारीक आवाजात बोल,' एवढंच. आठवडाभर बारीक बोललो आणि घसा बसला, ऑफिसात आलं-मधाचे सल्ले मिळाले. मग स्पीच थेरपिस्टकडं गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की वयात येताना स्वरतंतू एकदा जाड झाले की इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोननं ते परत बारीक होत नाहीत. त्यामुळं आवाजाला गोळी नाही, सराव आहे. आणि सराव पट्टी चढवण्याचा कमी, आवाज छातीत घुमतो तो तोंडाच्या पुढच्या भागात आणण्याचा जास्त. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं, रोज पाच-पाच मिनिटं. आई म्हणते, म्हैस पाणी पितेय असं वाटतं. पण मंडईतल्या त्या मावशीचा आवाज माझ्यापेक्षा जड आहे आणि तिला कुणी 'दादा' म्हणत नाही, हे तिथं रोज ऐकून मला जास्त धीर आला.

एका बाबतीत मॅडमना पूर्ण मार्क. इचलकरंजीची पोरगी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खात होती, हार्मोन म्हणून. मॅडमनी त्या दिवशी क्लास बंद केला, अर्धा तास बोलल्या आणि तपासणी करून डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय येऊ नको म्हणाल्या. रक्ताच्या गुठळ्या होतात त्यानं, हे तिला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आता दहावा रविवार. त्या एका रविवारासाठी मी पुन्हा नऊ हजार भरीन. मॅडम आम्हाला संध्याकाळी बांगड्या भरायला घेऊन गेल्या. मी पंजाबी ड्रेस, तोंडाला स्कार्फ. (नवीन बाहेर पडणाऱ्यांनो, स्कार्फ ही कोल्हापूरची कृपा आहे. गाडीवरच्या अर्ध्या पोरी डोळे सोडून सगळं झाकलेल्या असतात, वळून कोण बघतंय?) महाद्वार रोडच्या एका बोळात कासाराचं जुनं दुकान, गादीवर साठीच्या पुढची बाई. तिनं माझा हात बघितला, फळीवरून डबा काढला. 'दोन-दहा लागतील.' मी हात पुढं केला. तिनं अंगठा तळव्यात दाबला, चारी बोटं एकत्र आवळली आणि बांगडी करंगळीच्या हाडापाशी अडली. माझी मूठ आपोआप घट्ट झाली.

'हात ढिला सोड की गं. कुस्ती खेळालीयस व्हय माझ्यासंगं?'

मॅडम हसल्या. मी हसलो नाही, कारण 'गं' कानात बसला होता. हात सैल सुटला आणि दुसरी बांगडी सर्रकन आत गेली. सातवी तडकली. मी म्हटलं, 'फुटली.' बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, स्कार्फ आणि सगळं. तिला कळलं असणार. म्हणाली, 'फुटली म्हणायचं नसतंय बाई. वाढली म्हणायचं.' आणि काचा गोळा करून दुसरी भरली. तिचे पैसे घेतले नाहीत.

रात्री काढायला गेलो तर साबण लावूनही दोन निघेनात. सोमवारी पूर्ण बाहीचा शर्ट घालून, बटण लावून कामावर. कँटीनमध्ये हात धुताना किणकिण झाली आणि शेजारच्यानं स्वतःचा मोबाइल काढून बघितला.

चपलांचं क्लासमध्ये काहीच नाही, म्हणून मीच सांगतो. बायकांच्या तयार कोल्हापुरीत आपला नंबर मिळत नाही. चप्पल लाईनला कागदावर पाय आखून द्या आणि ऑर्डरनं करून घ्या. माझ्या कारागिरानं 'कुणासाठी' विचारलं नाही, 'पट्टा बारीक ठेवू का' एवढंच विचारलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा थ्रेडिंगसाठी कापला, एक आवाजासाठी. जाणार असाल तर परकर स्वतःचा घेऊन जा, तिथले दोन्ही आखूड आहेत आणि एकाची नाडी सारखी आत जाते.