दोन छोटे चित्रपट रंगमंचावर: ‘वन्स’ की ‘द बँड्स व्हिजिट’?

दोन्ही मूळ चित्रपट 2007 चे, दोन्ही दबक्या आवाजातले. पुढे दोन्हींची म्युझिकल, म्हणजे संगीत नाटकं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली आणि सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी हा नाट्यपुरस्कार घेऊन गेली: ‘वन्स’ 2012 मध्ये, ‘द बँड्स व्हिजिट’ 2018 मध्ये. वाटा मात्र वेगळ्या.

‘वन्स’चं काम वरवर सोपं. नायकच डब्लिनच्या रस्त्यावर गाणारा, त्यामुळे गाणी कथेत होतीच. अडचण क्लोज-अपची. कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा शेवटच्या रांगेला दिसणार कसा? उत्तर छान निघालं: वेगळा वाद्यवृंदच नाही. नटच गिटार, व्हायोलिन वाजवतात आणि आपला प्रसंग नसला की कडेला बसून ऐकतात. रंगमंचावरचा बारही खरा. प्रयोगाआधी प्रेक्षक वर जाऊन पेय घेऊ शकत. विनोद तेवढा जरा जास्त पेरलाय.

‘द बँड्स व्हिजिट’ मात्र भलतंच अवघड. इजिप्तच्या पोलिसांचा बँड इस्रायलमधल्या चुकीच्या गावात पोचतो आणि तिथे रात्र काढतो, बस्स. चित्रपटाचा जीव होता पात्रांमधल्या संकोचात. त्यात गाणी घुसवली की सगळंच बिघडायचं. डेव्हिड याझबेक यांच्या गाण्यांनी ते होऊ दिलं नाही. पात्रांना जे बोलून दाखवता येत नाही, तेवढंच ती गातात. एक तरुण सार्वजनिक फोनपाशी प्रेयसीच्या फोनची वाट बघत ताटकळलेला असतो. शेवटाकडे तोच गाऊ लागतो आणि एकेक करत बाकीचे त्यात सूर मिसळतात. कॅमेऱ्याला हे जमणं कठीण. म्हणून माझं मत याच प्रयोगाला, मध्यंतर नसूनही.