कुडीची फिरकी, बटरफ्लाय आणि आकडा : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी श्रावणात मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, माझ्या डाव्या कानातील मोत्यांची कुडी निसटली. ती ओढणीच्या चुणीत अडकल्यामुळे भायखळ्याला सापडली, कानामागे दांडीवर फिरवून बसवायची फिरकी मात्र गेली ती गेलीच. या कुड्या आईच्या लग्नातल्या आहेत. रात्री भिंगाखाली दांडी पाहिली, तेव्हा टोकाकडचे आटे जवळजवळ गुळगुळीत झालेले दिसले. पूर्वी फिरकी शेवटच्या वेढ्याला बोटांना विरोध करीत असे आणि गेले कित्येक दिवस ती नुसतीच फिरत होती, हे मला तेव्हा आठवले. या अकरा महिन्यांत मी कानामागच्या निरनिराळ्या पकडी आलटून पालटून वापरल्या. रोज तासाभराचा लोकलचा प्रवास, दमट हवा आणि केसांना तेल लावण्याची सवय लक्षात घेऊनच पुढील मते वाचावीत.

फिरकीविषयी सर्वांत अधिक लिहिण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे सोन्याच्या कानातल्यांना बहुधा तीच असते आणि तिच्याविषयी दुकानात कोणी काही बोलत नाही. दादरच्या ज्या कारागिराकडे मी कुड्या नेल्या, त्यांनी उजव्या कुडीची शिल्लक फिरकी डाव्या दांडीवर चढवून दाखवली. ती दोन वेढे सहज गेली आणि तिसऱ्याला अडली. जुन्या हातघडणीच्या कामात प्रत्येक फिरकी आपापल्या दांडीवर बसवलेली असते. आम्ही मायलेकींनी वर्षानुवर्षे त्या अदलाबदल करून, अडल्या की जोर लावून घातल्या होत्या आणि आटे खाल्ले गेले होते ते त्यामुळे. त्यात २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोने. ते मऊ असते, आणि आट्यांत साचलेला घाम, तेल व धूळ प्रत्येक वेढ्याला थोडे थोडे घासत राहते.

कारागिरांच्या सल्ल्याने मी दोन्ही दांड्या आणि फिरक्या १८ कॅरेटमध्ये नव्या करून घेतल्या. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोने आणि उरलेल्या भागात तांबे, चांदी यांसारखे धातू असल्यामुळे ते अधिक कठीण असते. पुढे मोड करताना हा भाग वेगळ्या कसाचा धरला जाईल, हेही त्यांनी काम घेण्यापूर्वीच सांगितले. हे न सांगता काम करून देणारी दुकानेही मी पाहिली आहेत. आज अकराव्या महिन्यात दोन्ही फिरक्या शेवटच्या वेढ्याला पूर्वीसारख्या आवळतात. पुन्हा अदलाबदल होऊ नये म्हणून डाव्या फिरकीच्या पाठीवर मी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने फक्त दांडी पुसते. मोती ओवलेली कुडी पाण्यात भिजवणे मात्र टाळावे.

एक चूक मी स्वतः केली. गाडीतल्या त्या प्रसंगाच्या धास्तीने पहिले दोन आठवडे फिरकी अगदी पाळीला टेकेपर्यंत आवळली, आणि संध्याकाळी पाळी लाल होऊन ठसठसू लागली. फिरकी आणि पाळी यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली पाहिजे, आणि ती राहत नसेल तर दोष फिरकीचा नसून दांडी तुमच्या कानाला आखूड आहे, असे समजावे. जाड पाळीच्या माणसाने दांडीची लांबी पाहिल्याशिवाय टॉप्स घेऊ नयेत.

आधी कार्यालयात घालत असे त्या चांदीच्या टॉप्सना बटरफ्लाय आहे. दोन वळवलेल्या पाकळ्या दांडीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि टोकाजवळच्या खाचेत बसतात, एवढेच तिचे तंत्र. तीन महिने तक्रार नव्हती. मग ती सैल झाली, लहान पक्कडीने पाकळ्या आत दाबल्यावर पुन्हा नीट बसली, आणि तिसऱ्यांदा दाबताना एक पाकळी तुटून माझ्या हातात आली. बाजारातून आणलेली सुटी बटरफ्लाय त्या दांडीवर ढिली पडली, कारण दांड्यांची जाडी सारखी नसते. ०.९ मिलिमीटरच्या दांडीसाठी बनवलेली पकड ०.७ मिलिमीटरच्या दांडीवर सरकणारच. त्यामुळे सुटे भाग घेताना टॉप्स बरोबर न्यावेत आणि तिथेच चढवून उलटे हलवून पाहावेत, दुकानदाराने कितीही घाई केली तरी.

सिलिकॉनच्या पारदर्शक टोप्या पहिल्या दिवशी फार आवडल्या. पावसाळ्यात त्या घामाने आणि तेलाने निसरड्या झाल्या आणि दिवाळीपर्यंत पिवळ्या पडल्या. आता आकड्याच्या, म्हणजे वाकवलेली तार भोकात नुसती अडकवायच्या डुलांमागे त्या अडसर म्हणून लावते, त्यापलीकडे त्यांच्यावर विश्वास नाही.

लोंबत्या डुलांसाठी मात्र मी पूर्णपणे लिव्हरच्या बाजूची झाले आहे. साध्या उघड्या आकड्याचा डूल गर्दीत शेजारणीच्या पदराला लागला की वर उचलला जाऊन सहज बाहेर येतो. लिव्हरची कडी मागून बंद होत असल्याने तसे होत नाही. सात महिन्यांनी डाव्या बिजागरीला किंचित खेळ आला आहे, पण बंद होताना होणारा बारीकसा टक् आवाज अजून ऐकू येतो. तो येईनासा झाला की मी डूल दुरुस्तीला देईन. खरेदी करताना तारेची जाडीही पाहावी. बारीक तारेवर जड डूल असेल, तर तार पाळीत रुतत जाते आणि भोक खाली ओघळते.

जड झुमक्यांचा प्रश्न निराळा आहे. माझे झुमके स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकी ११ ग्रॅम भरले. त्यांचे वजन पाळीच्या पुढे असल्याने लहान फिरकीवर ते तोंड खाली घालतात आणि समोरून नुसती वरची कड दिसते. मागे रुंद चकतीची फिरकी लावल्यावर तिला पाळीच्या मागच्या बाजूचा आधार मिळतो आणि झुमका सरळ राहतो. पण भार पाळीवरच राहतो. तो कमी करायचा तर आजीच्या काळचा वेलच हवा, कारण केसांत अडकवलेला वेल वजनाचा काही भाग वरून उचलतो. मी त्याला केवळ शोभेची वस्तू समजत होते. भाचीच्या लग्नात सहा तास वेलासह झुमके घातले आणि पाळी दुखली नाही.

ज्यांच्या कानाला खाज येते, त्यांनी पकडीच्या आकाराआधी दांडीचा धातू तपासावा. बेन्टेक्स पद्धतीच्या एका जोडीचा मुलामा दांडीवर आधी उडाला आणि माझ्या पाळीतून पाणी येऊ लागले. असा त्रास बहुतेक वेळा निकेलमुळे होतो. युरोपीय संघात टोचलेल्या भोकात घालायच्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटले पाहिजे, असा नियम आहे. ती जोडी मी टाकून दिली आणि दोन महिने फक्त सोन्याच्या कुड्या घातल्या, तेव्हा पाळी बरी झाली.

सध्या गाडीच्या दिवशी कुड्या किंवा लिव्हरचे डूल, घरी चांदीचे टॉप्स, आणि समारंभाला वेलासह झुमके, असा क्रम ठरून गेला आहे. मुलुंडला गाडीत चढण्यापूर्वी दोन्ही फिरक्या एकदा चाचपून पाहण्याची सवय आईलाही लागली आहे, आणि लाल ठिपका कोणत्या कानाचा हे ती अजूनही मला फोन करून विचारते.